एका दिवसाची गर्दी की वर्षानुवर्षांचा असहकार?

परवा रावेर स्टँडवर चहा पिताना विषय निघाला, युद्धाविरुद्ध मोर्चे काढून काही होतं का भो? मित्र म्हणे गर्दी पायजे, मी म्हटलं दम पायजे.

गर्दीचं बघा. १५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेच्या इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध जगभर शेकडो शहरांत लोक उतरले, रोमचा आकडा तर ३० लाख सांगतात, आणि २० मार्चला हल्ला झालाच! शनिवार होता, सोमवारी सगळे कामावर. आपल्याकडे केळीच्या भावासाठी कलेक्टर ऑफिसवर जातो तसंच, साहेब निवेदन घेतात, फोटो होतो, मग शेवभाजी खाऊन घरी. अगदीच शून्य नाही हं, १ मार्चला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकन सैन्याला वाट द्यायचा ठराव थोडक्यात पडला, तेव्हा बाहेर अंकारात गर्दी होतीच.

आता व्हिएतनाम युद्ध. तेव्हा अमेरिकेत पोरांनी सैन्यातल्या सक्तीच्या भरतीची कार्डं जाळली, काही जेलात गेले, काही कॅनडात पळाले, नंतर तर लढून आलेले सैनिकच रस्त्यावर उतरले. म्हणजे युद्धाला लागणारा माणूसच मिळायचं अवघड झालं, आणि १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. पण वर्षं किती गेली बघा, युद्ध पूर्ण संपायला १९७५ उजाडलं, आणि त्यात पराभवाचा, पैशाचा हातपण होताच, सगळं क्रेडिट आंदोलनाला देऊ नका.

तरी माझं मत दुसऱ्यालाच, असहकाराला. मित्राला पटलं नाही, म्हणे जेलात तू जाशील का? मी चहाचे पैसे दिले.