गोज उपग्रहांचा क्ष-किरण आलेख: सहा वर्षांच्या वापरानंतर

शॅकमध्ये, म्हणजे माझ्या हौशी रेडिओच्या खोलीत, बसले की १० मेगाहर्ट्झवरची प्रमाण वेळेची रेडिओ टिकटिक लावून ठेवायची, ही माझी जुनी सवय. मागच्या आठवड्यात भर दुपारी ती हळूहळू बुडत गेली. आधी अँटेनाची केबल हलवून पाहिली. मग लक्षात आलं की खरखरसुद्धा मंदावली आहे. केबल सुटली की असं विरत जात नाही, एकदम तुटतं. नोआच्या (अमेरिकेच्या हवामान आणि सागर संस्थेच्या) संकेतस्थळावरचा आलेख उघडला; तिचे गोज उपग्रह सूर्याचे क्ष-किरण मोजतात, ते त्यात दिसतात. रेघ एम५च्या वर चढलेली (एम हा सौरज्वालेच्या जोराचा वर्ग, त्याच्या वर फक्त एक्स).

सहा वर्षं मी हा आलेख रोज बघते. फुकट आहे, नोंदणी नाही, आकडे मिनिटामिनिटाला येतात. शॉर्टवेव्हवर बोलणाऱ्यांसाठी याहून कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही, कारण आमचा बँड पाडणारे किरण नेमके हेच. सौरज्वालेचे, म्हणजे सूर्यावरच्या अचानक उद्रेकाचे, क्ष-किरण नि तीव्र अतिनील किरण आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या) खालच्या थरात, साधारण ६० ते ९० किलोमीटरवर, इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि आमच्या लहरी तिथेच शोषल्या जातात. अर्थात, हे फक्त पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूला.

आलेखात दोन रेघा असतात. ०.१ ते ०.८ नॅनोमीटरची वरची, तिच्यावरून ज्वालेचा वर्ग ठरतो. ०.०५ ते ०.४ नॅनोमीटरची खालची. नवख्यांनी खालचीवर नजर ठेवावी: तापलेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) सगळ्यात उष्ण असतो तेव्हा ती शिखर गाठते, वरची बहुधा थोडी मागून येते. आणि उभा अक्ष दहापटींचा आहे हे विसरू नये. एम१ आणि एक्स१ कागदावर बोटभर अंतरावर दिसतात, प्रत्यक्षात फरक दहापट.

याच्याकडून पूर्वसूचनेची अपेक्षा मात्र करू नका. क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने, सव्वाआठ मिनिटांत येतात; रेघ चढताना दिसते तेव्हा ते येऊन पोहोचलेले असतात. प्रोटॉनचा आलेख वेगळा आहे, तोही उघडा ठेवा. वेगवान प्रोटॉन काही मिनिटांत ते काही तासांत येतात. प्लाझ्माचा ढग सुटला असेल तर त्याला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. गॅमा किरण आणि रेडिओ स्फोट या दोन रेघांत नाहीतच. १८५९मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने ज्वाला पाहिली ती साध्या पांढऱ्या प्रकाशात. तोही इथे दिसत नाही.

उणीव म्हणाल तर एक खटकते. गोज-१६च्या आधीच्या उपग्रहांच्या आकड्यांना ०.७चा गुणक लावलेला असायचा. त्यामुळे जुन्या नोंदींतले वर्ग आजच्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, आणि आलेख बघताना हे कुठे समोर येत नाही. विषुवदिनाच्या सुमारास उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो तेव्हा रेघ तुटते, पण बहुतेक वेळा दुसरा उपग्रह ती भरून काढतो.

त्या दिवशी रेघ उतरू लागल्यावर आधी २१ मेगाहर्ट्झवर आवाज परतले, मग १४वर. टिकटिक सगळ्यात शेवटी आली, पाऊण तासाने.