खुर्ची काढू नका, तनशीवर बसा

जानेवारीत माहेरी गेले, सिंदेवाही तालुक्यात, तर गावात पट, म्हणजे बैलांची शर्यत, होता. दिवसा बैलांच्या जोड्या, रात्री नाटक. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, हेच. आमचे हे यवतमाळकडचे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपर वाचून विचारत होते, झाडीपट्टीचं नाटक म्हणजे नेमकं काय? म्हटलं, चला दाखवते.

जावयाचा मान म्हणून भावाने त्यांना २०० ची खुर्ची काढून दिली. मी आणि वहिनी १०० रुपयांत जमिनीवर. खाली तनस, म्हणजे धानाचा पेंढा, तिच्यावर चादर, अंगावर रजई.

वेळ छापली होती नऊची, पडदा उघडला पावणेबाराला. नऊ म्हणजे जेवून निघायची वेळ हे मलाही माहीत आहे, पण मधला सगळा वेळ पाहुण्यांची भाषणं आणि देणगीदारांची नावं! नाटक मंडळ्यांचं गाव असलेल्या वडशाहून आलेले कलाकार बिचारे तोंडाला रंग लावून बसलेले.

मंचापुढे खड्डा करून त्यात वादक बसवले होते. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. आम्ही त्यांच्यापासून चार हातांवर. ऑर्गनवाले दादा साठीचे असतील, कानटोपी घातलेली, चपला बाजूला काढून जाड मोज्यांनी ऑर्गनचा पायभाता मारत होते. नायिकेने तान लांबवली की मान वर न करता त्यांचे पाय भरभर चालायचे. एका पदात तिचा वरचा सूर लागेना, तर दादांनी तोच सूर खालून असा भरून दिला की टाळ्या तिलाच पडल्या. मी मात्र त्यांच्या मोज्यांकडेच पाहत होते.

एकच्या सुमारास दव पडायला लागलं आणि तबल्याचा सूर उतरला. वर आई मरायला टेकलेली, नायक हंबरडा फोडतोय आणि खाली तबला सुरात आणायला हातोडीची ठकठक. वहिनी पुटपुटली, "तिले मरू तं द्या जी!" आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

ऑक्टोपॅडवाल्या पोराने मात्र लावणीत डोकं उठवलं. स्पीकरची रास नेमकी खुर्च्यांच्या बाजूला. मध्यंतरात हे कानात रुमाल कोंबून आमच्याकडे आले आणि खाली टेकल्यावर पंधरा मिनिटांनी म्हणतात, "हा ऑर्गन पहिल्यापासून वाजतोय?" २०० रुपये देऊन अर्धं नाटक ऑर्गनशिवाय पाहिलं माणसाने! मग सकाळपर्यंत हलले नाहीत.

आलूबोंडा गरम, तर्री झणझणीत, चहा नुसता साखरेचं पाणी. बायकांना लघवीला जायचं तर मागची धानाची बांधी, तीही अंधारात. एवढं तिकीट जमतं, तर दोन आडोसे बांधायला काय जातं मंडळाचं?

साडेचारला संपलं. दादा ऑर्गनला गोधडी गुंडाळून दोरी आवळत होते. पाय दुखत नाहीत का, विचारलं. "दुखतेत ना बाई," म्हणाले आणि गाडीकडे ओरडले, "अरे, हळू उचला!"

जाणार असाल तर उजेडातच जाऊन वादकांचा खड्डा कुठे आहे ते पाहून ठेवा आणि तिथे चादर टाकून या. चादरीखाली एक पोतं घ्या, तनस टोचते.