बायोसच्या फोटोवर विसंबून गमावलेले १२,१४० रुपये

जुन्या २८६ संगणकासाठी मी सीगेटची एसटी-२५१ ही ४० एमबीची हार्ड डिस्क कंट्रोलर कार्डासह (डिस्क चालवणारे कार्ड) ११,५०० रुपयांना घेतली. कुरियरचे ६४० रुपये वेगळे. हातात पडली ती लेबल बदललेली २० एमबीची एसटी-२२५.

विक्रेत्याने पुरावा म्हणून बायोस सेटअपचा, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्याचा, फोटो पाठवला होता: ८२० सिलिंडर (तबकडीवरचे वर्तुळाकार पट्टे), ६ हेड (वाचणारी-लिहिणारी टोके), प्रत्येक पट्ट्यावर १७ सेक्टर (तुकडे). तिथेच मी थांबायला हवे होते. एमएफएम डिस्क (या दोन्ही त्याच जुन्या पद्धतीच्या) आपली रचना कोणालाही सांगत नाही, हे मला पक्के ठाऊक होते आणि म्हणूनच आजही संताप होतो. डिस्क आणि कंट्रोलर जोडणाऱ्या ३४ आणि २० तारांच्या दोन पट्ट्यांतून हेड निवडणे, ते पुढेमागे सरकवणे आणि वाचणे-लिहिणे एवढेच चालते. डिस्कला तिचे माप विचारण्याची सोयच त्यांत नाही. १९८४ च्या आयबीएम एटी या संगणकापासून सेटअपमध्ये डिस्कचा प्रकार माणसानेच निवडायचा आणि कंट्रोलरने तो मानायचा, अशी रीत होती. विचारल्यावर डिस्क स्वतःची ओळख देऊ लागली ती आयडीई या नंतरच्या जोडणीच्या काळात. म्हणजे त्या फोटोतले आकडे डिस्कने दिलेले नव्हते, विक्रेत्याने भरलेले होते. असा फोटो कोणी पाठवला तर तो पुरावा मानू नका.

मी या कामात नवखा नाही. पण आठ महिने शोध चालू होता, दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगून त्याने घाई केली, आणि लेबलही पिवळट, कोपरे झिजलेले, अगदी अस्सल वाटावे असे होते. लो-लेव्हल फॉरमॅट करताना, म्हणजे डिस्कवर सेक्टर नव्याने आखताना, पहिले चार हेड सुरळीत चालले आणि पुढच्या दोन्हींवर नुसत्या त्रुटी आल्या. ६१५ सिलिंडर आणि ४ हेड भरताच तीच डिस्क बिनतक्रार फॉरमॅट झाली: ४१,८२० सेक्टर, म्हणजे कबूल केलेल्या ८३,६४० च्या बरोबर निम्मे. वीज बंद करतानाचा व्हिडिओ आवाजासह मागा; एसटी-२५१ आपले हेड आपोआप पार्क करते, म्हणजे सुरक्षित जागी नेऊन ठेवते, एसटी-२२५ करत नाही.

बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात विचारले गेले, "डिस्क मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कसली?" निम्मी डिस्क म्हणजे निम्मा माल, हे मी कागदावर गुणाकार करून दाखवले, तरी सायबर शाखेकडे जा म्हणाले, तिथून पुन्हा ठाण्याकडे पाठवले. पैसे पाठवण्यापूर्वी डिस्कच्या सर्किट बोर्डाचा फोटो घ्या, लेबलचा नव्हे. अर्जावर पोचेचा शिक्का मिळायला मला तीन खेपा पडल्या, आणि नोंदवहीत त्या अर्जापुढे अजूनही 'सीडी खराब निघाली' असेच लिहिलेले आहे.