दादरमधील जुन्या चित्रपटांचा शनिवार

दादर पश्चिमेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या चित्रपट मंडळाच्या तीन खेळांना मी हजेरी लावली. त्यांत ‘संत तुकाराम’ (1936), ‘सामना’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) असे परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले चित्रपट होते आणि ही निवडच मला सर्वाधिक आवडली.

दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ लहानपणी आजीसोबत पाहिला तेव्हा माझे सारे लक्ष चमत्कारांकडे होते; या वेळी मात्र आजारी मुलाच्या काळजीने पिसाळून थेट विठोबासमोर पायताण उगारणारी जिजाई पाहताना, भक्तिपटाच्या चौकटीत संसाराची बाजू इतक्या रोखठोकपणे मांडली गेली होती हे प्रथमच जाणवले. चर्चेत एका आजोबांनी तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या संयत अभिनयावर बोट ठेवले, तर एका तरुणीने चित्रपट खरे तर जिजाईचाच आहे असे ठणकावून सांगितले. मी तिच्या बाजूचा.

‘सामना’नंतर, निळू फुले यांचा हिंदुराव अधिक भीतिदायक की डॉ. लागूंचा मास्तर अधिक हट्टी, यावर तासभर वाद रंगला. ‘बनवाबनवी’ला चर्चा अशी झालीच नाही, कारण निम्मे प्रेक्षक संवाद पडद्याआधीच म्हणत होते.

तक्रार एवढीच, की ध्वनियंत्रणा घरघरते आणि लाकडी खुर्च्या दुसऱ्या तासाला पाठीचा सूड घेतात. प्रवेश विनामूल्य असला, तरी उशी घरूनच न्यावी.