चिपळूणच्या रद्दीतला नागराज

एसटी स्टँडमागच्या रद्दीवाल्याकडे नव्वदच्या दशकाअखेरची तीन राज कॉमिक्स, म्हणजे हिंदी सुपरहिरोंची चित्रकथा-पुस्तकं, मिळाली, 60 रुपयांना. पानांना कुबट वास, मधली पानं सुटी. आमच्या पावसात दुसरं काय होणार! त्यातला नायक नागराज हिरवागार, रक्तात सूक्ष्म साप, मनगटातून सटासट बाहेर. दहावीत थरारलो होतो. आता दिसतं ते एवढंच, की खलनायक मार खाता खाता आपला अख्खा बेत समजावून सांगतो. दुसरा नायक डोगा मुंबईच्या गटारांतून ये-जा करतो. जुलैत काय करत असेल बिचारा? तिसऱ्या, ध्रुवकडे मात्र, पशुपक्ष्यांशी बोलणं सोडलं तर, नुसतं डोकं आणि मोटरसायकल. तो अजून चालतो. बायको म्हणाली, "आधी ते साप उन्हात टाका, वास मारतोय." ऊन कुठाय?