डकडकगो हे शोधयंत्र गावात किती उपयोगाचे?

डकडकगो हे शोधयंत्र गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी २००८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सुरू केले. शोधणाऱ्याचा माग ठेवायचा नाही, या एका आश्वासनावर ते आजवर उभे आहे. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात त्याचे नाव ठाऊक असलेली माणसे मोजकीच असतील. तरीही गेला खरीप आणि त्यामागचा रब्बी हंगाम मी रोजच्या शोधासाठी मुख्यतः तेच वापरले. बाजारभाव, कीड-रोग, सातबारा, मुलांचे प्रवेशअर्ज आणि घरातील दुखणीखुपणी एवढ्याच कामांच्या कसोटीवर ते कसे उतरते, ते येथे नोंदवत आहे.

शहरात गोपनीयतेची चर्चा होते ती बड्या कंपन्या आणि सरकार यांच्या संदर्भात. खेड्यात मात्र तो प्रश्न घराच्या उंबरठ्याआतच सुरू होतो, कारण एकच मोबाईल सासू, सून, शाळकरी पोरगा आणि प्रसंगी शेजारीही हाताळत असतो. शोधाच्या चौकटीवर बोट ठेवले की आधीचे शोध आपोआप खाली उलगडतात. सुनेने पाळी चुकल्याबद्दल काय विचारले, कर्त्या माणसाने थकीत पीककर्जाबद्दल काय विचारले, हे मग पुढच्या हातात गेलेला मोबाईलच सांगून टाकतो. डकडकगोच्या ॲपमध्ये ज्वाळेचे चित्र असलेले एक बटण आहे. ते दाबले की उघडी पाने, पाहिलेल्या पानांची नोंद आणि संकेतस्थळांनी फोनमध्ये ठेवलेल्या कुकीज एकदम पुसल्या जातात. सेटिंग्जच्या जंगलात शिरावे लागत नाही, आणि इंग्रजी न वाचता येणाऱ्या बाईलाही ते एकदा दाखवले की पुरते. माझ्या मते आमच्याकडे या ॲपची सर्वांत मोठी उपयुक्तता हीच आहे, कंपनी तिचा गाजावाजा कोणत्याही कारणासाठी करो.

यावर कोणी म्हणेल की गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी वापराची खिडकी, आहेच. ते आहे, परंतु त्याचे काम मुख्यतः फोनमधील नोंद न ठेवण्यापुरते असते. आपण ज्या संकेतस्थळावर जातो त्याला किंवा मोबाईल कंपनीला आपली भेट दिसायची ती दिसतेच. इन्कॉग्निटोमधील माहिती गोळा केल्यावरून गुगलविरुद्ध २०२० मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला होता आणि २०२४ मध्ये उघड झालेल्या तडजोडीत कंपनीने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. मोबाईल कंपनीच्या बाबतीत डकडकगोही काही वेगळी जादू करत नाही, हे येथेच सांगितलेले बरे. आपण काय शोधले हे वाटेत वाचता येत नसले, तरी आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे कंपनीला साधारणपणे कळते.

जाहिराती येथेही आहेत, पण त्यांची रीत निराळी आहे. फवारणी पंप शोधला तर त्या पानावर पंपाची जाहिरात दिसते, कारण आपण तो शब्द लिहिलेला असतो. आपण कोण, गेल्या महिन्यात काय शोधले, याची वही मांडून ती निवडलेली नसते. या जाहिराती मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यातून येतात आणि शोधनिकालांचा मोठा भागही त्याच कंपनीच्या बिंग या शोधयंत्राकडून घेतला जातो. २०२२ मध्ये याच नात्यामुळे डकडकगो अडचणीत आले होते. त्यांचा ब्राउझर, म्हणजे पाने उघडणारे हेच ॲप, इतर संकेतस्थळांवरचे मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर (आपला माग ठेवणारे छुपे कोड) अडवत नाही, असे एका संशोधकाने दाखवून दिले आणि कंपनीला ते कराराचे बंधन असल्याचे कबूल करावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी बंदोबस्त वाढवला. तरीही ज्याचे सारे भांडवल विश्वास हेच आहे, त्याने ही गोष्ट आधी स्वतःहून सांगायला हवी होती, असे माझे मत आहे.

शेतीच्या माहितीसाठी हे यंत्र वापरताना नुसते शब्द टाकून भागत नाही. कपाशीवरच्या किडीसाठी 'गुलाबी बोंडअळी' एवढेच लिहिले की औषध विकणाऱ्यांची पाने आणि व्हिडिओ यांचीच दाटी होते, आणि हे कोणत्याही शोधयंत्रावर होते. त्याच शब्दांपुढे इंग्रजीत 'साइट' लिहून, कोलन देऊन, मध्ये जागा न सोडता 'जीओव्ही डॉट इन' जोडले की केवळ सरकारी पाने उरतात. 'एसी डॉट इन' जोडले तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांची पाने वर येतात. नेमके वाक्य हवे असेल तर ते अवतरणचिन्हांत घालावे. अशा शोधातून हाती येते ती कामाची माहिती: पाळत ठेवण्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले की नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत. एवढे दोन आकडे कळले, तर पऱ्हाटीवर विनाकारण होणारी एखादी फवारणी वाचू शकते. ही युक्ती गुगलवरही चालते, तिचे श्रेय डकडकगोला नाही. त्याची स्वतःची खुबी उद्गारचिन्हाची आहे: उद्गारचिन्हाला लागून इंग्रजी डब्ल्यू लिहिले की शोध थेट विकिपीडियावर जातो, आणि जी लिहिले की गुगलवर.

गुगलकडे वळण्याची वेळ येते, हे मान्य केले पाहिजे. मराठी मजकुराच्या बाबतीत, विशेषतः तालुका पातळीवरच्या बातम्या आणि जाहीर सूचना यांच्या बाबतीत, गुगलचा साठा अधिक भरघोस आहे. नकाशे ॲपलचे आहेत आणि पांदण रस्ते शोधणाऱ्याला ते फारसे उपयोगी पडत नाहीत. स्थळाचा अंदाज इंटरनेट जोडणीवरून घेतला जात असल्यामुळे आणि मोबाईल जोडणी पुष्कळदा दूरच्या मोठ्या शहराच्या नावावर असल्यामुळे, पाऊस पाहायचा असेल तर तालुक्याचे नाव स्वतः लिहावे. माग ठेवत नाही म्हटल्यावर आपले वावर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसणारच. ही गैरसोय मी आनंदाने सोसतो.

डकडकगोची मर्यादा खरी जाणवते ती शोध संपल्यानंतर. आपण काय विचारले ते हे यंत्र गुप्त राखते, परंतु पुढच्या पानावर आपण काय भरतो त्यावर त्याचा ताबा नाही, आणि आमच्याकडे माहिती फुटते ती बहुधा तेथेच. सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. माहितीपुरता, सहीविना उतारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. मात्र सातबारा शोधला की खासगी लोकांची मिळत्याजुळत्या नावांची पाने आणि ॲपही समोर येतात व मोबाईल क्रमांक मागतात. अधिकृत संकेतस्थळही क्रमांक मागते, म्हणून मागणीवरून खरे-खोटे ओळखता येत नाही. पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' आहे की नाही, हेच पाहावे लागते. गावातील एका गृहस्थांनी अशाच एका भलत्या पानावर गट क्रमांकासह सारे भरून दिले, आणि त्यानंतर जमिनीवर कर्ज देऊ करणाऱ्यांचे फोन त्यांना ऐन वेचणीच्या दिवसांत येत राहिले.

ग्राहक सेवेचे क्रमांक शोधताना तर याहून जपावे लागते, कारण ठग स्वतःचे क्रमांक बँकेच्या नावाने पसरवून ठेवतात आणि शोधयंत्र, मग ते कोणतेही असो, ते निमूटपणे दाखवते. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. फोनवरच्या माणसाने आपल्या मोबाईलचा पडदा त्याला दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले तर फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतक्रमांकावर लगेच कळवावे.

अँड्रॉइड ॲपमध्ये आणखी एक सोय आहे: फोनमधील इतर ॲप जे ट्रॅकर चालवतात, तेही अडवता येतात. ही सोय फोनमधल्याफोनमध्ये व्हीपीएनच्या (इंटरनेटची सारी ये-जा एका वाटेने नेणाऱ्या सोयीच्या) पद्धतीने चालते, म्हणून त्याच वेळी दुसरे व्हीपीएन चालत नाही. आतला अहवाल मात्र अवश्य उघडून पाहावा. साध्या पत्त्यांच्या खेळाचे ॲप कोणाकोणाला निरोप पाठवू पाहते, ते वाचून माणूस चकित होतो.

ॲप फुकट आहे आणि ते प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर कोणी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, पाठवली तर ती उघडू नये. ज्यांच्या फोनमध्ये जागाच उरलेली नाही, त्यांना ॲप न घेताही क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' या ठिकाणी जाऊन डकडकगो निवडता येते. ज्वाळेचे बटण तेवढे त्यात मिळणार नाही.