पॅकिंग क्यूब, आठ महिन्यांनंतर: सगळं अडतं दुसऱ्या चेनपाशी

पॅकिंग क्यूब म्हणजे सुटकेसमध्ये कपडे भरायच्या चौकोनी कापडी पिशव्या. माझ्याकडच्या क्यूबला दोन चेन आहेत: आतली बंद करायची, बाहेरची कपडे दाबून जागा वाचवायची. सहाच्या संचातल्या मोठ्या क्यूबची ही दाबायची चेन आठव्या महिन्यात गेली. कंपनीचं उत्तर: चेन झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. ज्या वस्तूचं सगळं कामच चेनवर चालतं, तिची चेन वॉरंटीबाहेर! १,४०० रुपये मोजल्यावर हे उत्तर पटत नाही. म्हापशाच्या बाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे तेच काम ३० रुपयांत, दहा मिनिटांत झालं.

बिघडतं काय ते नीट समजून घ्या. नायलॉनचे दाते सहसा तुटत नाहीत. कापड फुगलेलं असताना कोपऱ्यावरून जोरात ओढलं की रनरच्या (चेनवर सरकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) मागच्या दोन्ही कडा फाकतात. मग रनर पुढे सरकतो, पण मागे चेन उघडीच राहते. अशा वेळी रनर सुरुवातीला आणा, बारीक पक्कडीने मागच्या कडा दोन्ही बाजूंनी सारख्या, अगदी हलक्या दाबा आणि चेन लावून पाहा. एकदम जोर लावू नका, ओतीव धातू ठिसूळ असतो, तडकतो. दाबूनही भागलं नाही तर रनर बदला. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा नंबर कोरलेला असतो. या संचात ५ आहे. किनाऱ्याजवळच्या घरात खाऱ्या हवेने रनरवर पांढरट थर धरतो आणि तो घासत चालतो. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ करून दात्यांवर मेणबत्ती फिरवा. तेल नको, कपड्यांना डाग पडतात.

भरण्याची पद्धत चुकली की चेनवर ताण येतोच. कपड्यांच्या घड्या क्यूबच्या रुंदीएवढ्या करा, जाड शिवणी आणि जीन्सचे कंबरपट्टे मधोमध ठेवा, कोपरे रिकामे सोडा. मोठ्यात सहा शर्ट आणि दोन पँटी, त्यापुढे एक रुमालही नको. आधी आतली चेन लावा, मग तळहाताने हवा काढत, हात चेनच्या पुढे पुढे सरकवत बाहेरची. वळणावर थांबा, तिथलं कापड बोटांनी आत ढकला, मगच पुढे.

पहिले चार महिने माझं मत होतं, दोन तारे, त्याहून जास्त नाही. दाबल्याने जागा वाचते, वजन कुठे कमी होतं? देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी चेक-इनला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो. कडक कवचाची मधली सुटकेस रिकामीच साडेतीन किलोच्या आसपास, त्यात हे सहा क्यूब अर्धा किलो खातात. उरले ११. रिकामी जागा दिसली की माणूस भरत जातो आणि काउंटरवर जास्तीचे पैसे मोजतो.

तेच काउंटर पाहून मत बदललं. घरी प्रत्येक क्यूब लटकत्या काट्यावर तोला आणि वजनाची चिठ्ठी वरच्या जाळीत घाला. मग गोव्यातला दाबोळी विमानतळ असो की मोपा, दीड किलो जास्त भरलं तर सुटकेस रांगेत पसरावी लागत नाही. दीड किलोचा क्यूब उचलून हातातल्या बॅगेत टाकला की झालं. पॉवर बँक मात्र आधीपासूनच हातातल्या बॅगेत हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. एवढ्या एका सोयीसाठी तिसरा तारा दिला.

पावसाळ्यात दाबायची चेन प्रवासाच्या आदल्या रात्री लावूच नका. जून ते सप्टेंबर इथे सुती कपडा हाताला कोरडा लागतो, पण कॉलर आणि कंबरपट्टा आतून ओला असतो. तो दाबून ठेवला की कुबट वास येतो, मग काळे ठिपके. इस्त्री करा, कपडे पूर्ण थंड होऊ द्या (गरम घडीत वाफ अडकते), आणि निघायच्या तासभर आधी दाबा. हवा खेचून काढायच्या प्लॅस्टिक पिशव्यांपेक्षा जाळीचे क्यूब म्हणूनच बरे. परत आल्यावर दोन्ही चेन उघड्या ठेवून क्यूब पंख्याखाली टाका.

फेणी नेणार असाल तर बाटली क्यूबमध्ये कधीही नको, दोन भरलेल्या क्यूबच्या मधे आडवी ठेवा. ७५० मिलिची काचेची बाटली सव्वा किलोच्या घरात जाते, ते वजन आधीच धरा. चेक-इनमध्ये दुकानातली सीलबंद बाटलीच चालते. भट्टीवरून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून आणलेली काढून ठेवतात. आमसुलं ओलसर असतात, ती स्टीलच्या डब्यातच न्या.

नवा संच घेणार असाल तर मोठा क्यूब टाळा, मधले तीन घ्या. दुकानातच एक क्यूब गच्च भरून वळणावर रनर ओढून पाहा. आणि ५ नंबरचे दोन रनर सुटकेसच्या खिशात टाकून ठेवा.